फादो ऐकत जेवायचं तर: लिस्बनमधली एक रात्र

९ ऑक्टोबर २०२५, गुरुवार, रात्री आठ वाजता, दोघांसाठी टेबल. फादो म्हणजे पोर्तुगालचं शहरी लोकगाणं, आणि ते ऐकत जेवायची जागा म्हणजे फादोघर. लिस्बनच्या जुन्या आल्फामा भागातल्या अशाच एका फादोघरात ही जागा पक्की होईपर्यंत बरेच दिवस ईमेल चालू होते. त्यात काय विचारायला हवं, पैसे कुठे अडकतात, ताटातलं जेवण आणि समोरचं गाणं यांची वेळ कशी जुळवायची, याची आधी काहीच कल्पना नव्हती. आता सगळं उलगडलं आहे, तर ज्या क्रमाने घडलं त्याच क्रमाने लिहितो.

सुरुवात ऑगस्टच्या शेवटी झाली, ती कुठल्या प्रकारच्या ठिकाणी जायचं हे ठरवण्यापासून. 'जेवण आणि फादो' या एकाच पाटीखाली लिस्बनमध्ये बऱ्याच वेगळ्या गोष्टी मिळतात. पहिली म्हणजे 'कासा द फादु', म्हणजे फादोघर. इथे ठरलेले व्यावसायिक गायक असतात, ठरलेले वादक असतात आणि पूर्ण जेवण घ्यावंच लागतं. दुसरी म्हणजे 'ताश्का', छोटी खाणावळ. तिथे 'फादु व्हादियु' चालतो: शेजारपाजारचे हौशी लोक उठून गातात, कधी स्वयंपाकघरातून कुणी हात पुसत बाहेर येऊन गातं. बाइरु आल्तु भागातलं 'ताश्का दु शिकु' हे यातलं सगळ्यांत प्रसिद्ध. तिथे दाराबाहेर रांग असते आणि गाणं चालू असताना दार बंद राहतं, त्यामुळे दोन गायकांच्या मधल्या वेळातच आत जाता येतं. तिसरा प्रकार म्हणजे संध्याकाळी सातच्या सुमाराचा तासाभराचा छोटा कार्यक्रम, जेवणाशिवाय. तिकीट साधारण वीस-पंचवीस युरो. सोबत लहान मुलं असतील, किंवा रात्री साडेबारापर्यंत बसणं जमणार नसेल, तर हा तिसरा प्रकार उत्तम. त्यात काही कमीपणा मानू नये.

चौथाही एक प्रकार आहे आणि तो टाळावा असं माझं स्पष्ट मत आहे. आल्फामाच्या गल्ल्यांत सात वाजल्यापासून माणसं हातात मेन्यू घेऊन उभी असतात आणि अक्षरशः ओढून आत नेतात. गाणं कोण गाणार, किती वेळ, वादक किती, याचं उत्तर त्यांच्याकडे बहुधा नसतं.

गाण्याची जेवणाशी गाठ कशी पडली, हे कळलं तर पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप समजतात. एकोणिसाव्या शतकात फादो हे मोउरारिया-आल्फामासारख्या गरीब वस्त्यांमधलं, गुत्त्यांमधलं गाणं होतं. १८४६ मध्ये अवघ्या सव्विसाव्या वर्षी गेलेली मारिया सेव्हेरा ही त्या काळची दंतकथा झालेली गायिका. मग १९२७ मध्ये हुकूमशाही सरकारने कायदा केला: गाणाऱ्याकडे व्यावसायिक परवाना हवा आणि गाण्याचे शब्द आधी सेन्सॉरकडून मंजूर झालेले हवेत. कुणीही कुठेही उठून गावं, हे त्यामुळे अवघड झालं. गाणं ठरावीक परवानाधारक जागांमध्ये गेलं आणि त्या जागा म्हणजे जेवणघरं. आपल्याकडे बैठकीची लावणी ऐकलेल्यांना हा प्रवास ओळखीचा वाटेल. हुकूमशाही १९७४ मध्ये गेली, पण फादोघरं राहिली, आणि २०११ मध्ये युनेस्कोने फादोला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

१२ सप्टेंबरला तीन फादोघरांना ईमेल पाठवले. साध्या, छोट्या इंग्रजीत लिहिलेलं चालतं. प्रत्येकाला हेच प्रश्न विचारले: त्या रात्री गायक किती, वादक दोन की तीन, माइक वापरता का, पहिलं गाणं किती वाजता, संगीताचे पैसे वेगळे आहेत का, माणशी कमीत कमी किती खर्च करावा लागतो, आणि शाकाहारी मुख्य पदार्थ कोणता. यातला माइकचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. तीस-चाळीस खुर्च्यांच्या दगडी खोलीत माइकची गरज नसते. माइक असेल तर खोली मोठी आहे किंवा लोक बोलत बसतात, असा अर्थ बहुधा निघतो.

एका घराने उत्तरच दिलं नाही. एकाने फक्त मेन्यू पाठवला. तिसऱ्याने चार दिवसांनी प्रत्येक प्रश्नाला एकेका ओळीत उत्तर दिलं: तीन गायक, तीन वादक, माइक नाही, नऊ वाजता सुरुवात, संगीताचे माणशी १५ युरो, कमीत कमी खर्च माणशी ४५ युरो, शाकाहारी पदार्थ आधी कळवल्यास. तेच नक्की केलं. माणशी २० युरो अनामत कार्डावरून भरायची, ४८ तास आधीपर्यंत रद्द केलं तर परत, नंतर नाही.

इथे एक काळजी घ्या. अनामत व्हिसा हातात आल्यावरच भरा. पोर्तुगालसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाची फी प्रौढांना ९० युरो आहे (व्हिसा केंद्राचा आकार वेगळा) आणि निर्णयाची नेहमीची मुदत १५ दिवसांची असली तरी ती ४५ दिवसांपर्यंत लांबू शकते. आम्ही फादोघराला तसं सरळ लिहिलं आणि त्यांनी जागा २५ सप्टेंबरपर्यंत पैशांशिवाय धरून ठेवली. विचारायला संकोच करू नये. अनामत भरल्यावर तीन दिवस पोच आली नाही, तेव्हा फोन केला. ही घरं दुपारी चारनंतरच फोन उचलतात. ऑक्टोबरमध्ये आपण त्यांच्या साडेचार तास पुढे असतो, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेआठनंतर फोन लावायचा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं एक तास मागे जातात, मग हा फरक साडेपाच तासांचा होतो.

वार ठरवताना आणखी एक गफलत होऊ शकते. पोर्तुगीजमध्ये सोमवारला 'सेगुंदा', म्हणजे 'दुसरा', म्हणतात आणि दारावर नुसतं '२' लिहून पुढे 'बंद' असं लिहिलेलं असतं. दुसरा वार म्हणजे मंगळवार, असं समजून सोमवारी गेलात तर कुलूप दिसेल. बरीच फादोघरं रविवारी किंवा सोमवारी बंद असतात. फादो संग्रहालयही सोमवारी बंद असतं.

९ तारखेला दुपारी तीन वाजता त्या संग्रहालयातच गेलो. 'मुझेउ दु फादु' १९९८ मध्ये सुरू झालं. आल्फामाच्या तोंडाशी, सांता आपोलोनिया मेट्रो स्थानकापासून पाच-सात मिनिटांवर. दोन तास पुरतात. रात्री जे ऐकायचं त्याची वाद्यं तिथे जवळून बघता येतात, आणि याचा फायदा रात्री खरोखर होतो. फादोतलं मुख्य वाद्य म्हणजे पोर्तुगीज गितार्रा. पेरूच्या फोडीसारखं पोट, बारा पोलादी तारा, पण जोड्याजोड्यांनी लावलेल्या, म्हणजे सहाच स्वर. वरच्या तीन जोड्यांत दोन्ही तारा एकाच सुरात, खालच्या तीन जोड्यांत एक तार खर्जात आणि दुसरी तिच्या वरच्या सप्तकात. म्हणून तो चमचमता, किंचित थरथरणारा आवाज येतो. खुंट्या पंख्यासारख्या पसरलेल्या असतात. लिस्बनच्या गितार्राच्या डोक्यावर गोगलगाईसारखं वेटोळं असतं, कोइंब्राच्या गितार्रावर अश्रूचा थेंब. वादक अंगठ्यात आणि तर्जनीत नख्या घालतो. गितार्राच्या शेजारी सहा तारांची साधी गिटार असते, तिला ते 'व्हिओला' म्हणतात. ताल आणि सुरांची बैठक तिच्याकडे. तिसरा वादक असला तर तो खर्जाची व्हिओला वाजवतो.

संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी परतून कपडे बदलले. नीटनेटके साधे कपडे पुरतात, पण बूट मात्र विचार करून घाला. आल्फामातल्या वाटा म्हणजे पायऱ्या आणि झिजून गुळगुळीत झालेले दगड, पाऊस पडला की हमखास घसरायला होतं. टॅक्सी गल्लीत शिरत नाही. संग्रहालयासमोरच्या चौकात उतरायचं आणि पुढे चालायचं. तिथून सहा मिनिटांचा रस्ता आहे असं फोन दाखवत होता, प्रत्यक्षात पंधरा लागली, कारण नकाशाला पायऱ्यांची चढण कळत नाही.

आठला दहा मिनिटं कमी असताना पोचलो. लवकर पोचण्याचा मोठा फायदा म्हणजे टेबल बदलून मिळतं. आमचं टेबल खांबामागे होतं, गितार्रावाल्याचे हात दिसणं शक्य नव्हतं. खोली अर्धी रिकामी असल्यामुळे विनंती करताच भिंतीलगतचं दुसरं टेबल मिळालं. गायक उभा राहतो ती जागा आधीच बघून घ्या. वेगळा मंच नसतो, वादकांच्या दोन-तीन खुर्च्या असतात आणि त्यांच्या पुढ्यात उभं राहून गायक गातो. तिथून दोन टेबलं सोडून, थोडं तिरकं बसलं की आवाजही चांगला येतो आणि हातही दिसतात. स्वयंपाकघराच्या दाराजवळ बसू नका.

बसल्याबसल्या टेबलावर पाव, ऑलिव्ह, लोणी आणि चीज आलं. हे 'कुव्हेर', आणि ते फुकट नसतं. आमच्याकडे माणशी ४ युरो लागले. न मागता आणून ठेवलेल्या आणि आपण हात न लावलेल्या पदार्थाचे पैसे लावता येत नाहीत, असा पोर्तुगालचा कायदा आहे. नको असेल तर लगेच 'नको' म्हणून परत द्या. नुसता पावाचा तुकडा मोडला तरी मोजलं जातं.

मेन्यू हातात आल्यावर मराठी माणसाला गंमत वाटते. 'पांव' म्हणजे आपला पावच. बटाट्याला 'बताता', कोबीला 'कोव्ह', बिलासाठी 'पागार' म्हणजे पैसे देणं, आपला पगार त्यातलाच. दारावरची किल्ली 'शाव्ह', आपली चावी. चारशे वर्षं कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर राहून हे शब्द आपल्या स्वयंपाकघरात मुरले. (फादोही गोव्यात राहिला आहे. गोव्याच्या सोनिया शिरसाट यांचा फादो प्रवासाआधी ऐकून जा, कान तयार होतो.)

आता जेवण मागवण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण रात्र बिघडते ती इथेच. गाणं सुरू झालं की दिवे मंद होतात आणि वाढप थांबतं. वेटर जागच्या जागी उभे राहतात. एका गायकाची तीन-चार गाणी, म्हणजे पंधरा-वीस मिनिटं, मग पंचवीसेक मिनिटांची सुट्टी, मग पुढचा गायक. म्हणजे सुट्टीच्या पहिल्या पाच मिनिटांत पदार्थ आला नाही, तर तो पुढच्या गाण्याच्या तोंडावर येतो आणि अंधारात निवत राहतो. म्हणून आठ वाजता बसल्यावर सव्वाआठपर्यंत सगळं एकदम सांगून टाकायचं, अगदी शेवटच्या गोडापर्यंत. सूप नऊच्या आत संपवायचं. मुख्य पदार्थ पहिल्या सुट्टीत हवा असं वेटरला स्पष्ट सांगायचं. ते समजून घेतात, उलट त्यांनाही सोपं जातं.

पदार्थही निवता चालेल असा निवडा. 'बाकल्याउ आ ब्राश' म्हणजे खारवलेला कॉड मासा, काड्यांसारखे तळलेले बटाटे आणि अंडं. गरम असताना सुंदर, निवला की अंडं घट्ट होऊन गोळा बसतो. 'आरोझ द पातु', बदकाचा भात, मातीच्या भांड्यात येतो आणि वीस मिनिटं तरी ऊब धरतो. आम्ही घेतलेला 'पोल्व्हु आ लागारेइरु', भरपूर ऑलिव्ह तेल आणि लसणात भाजलेला ऑक्टोपस, कोमट झाल्यावरही चांगला लागला, सोबतचे ठेचलेले बटाटे मात्र आधी खाऊन घ्यावेत. पेटवून भाजायचा सॉसेज, 'शोरिसु', टेबलावर आणतात. त्याचा धूर आणि चरचर गाण्याच्या वेळी नको, म्हणून मागवायचाच असेल तर सुरुवातीला.

शाकाहारी मंडळींसाठी: 'काल्दु व्हेर्द' हे हिरव्या पालेभाजीचं आणि बटाट्याचं सूप वरवर शाकाहारी दिसतं, पण वर शोरिसुची चकती असते आणि कधी उकळतानाच मांस घातलेलं असतं. 'सें कार्न, सें पाइश', म्हणजे मांस नको, मासा नको, असं दोन्ही सांगा. नुसतं 'मांस नको' म्हटलं तर मासा येतो. चकती काढून दिली की झालं असं काही ठिकाणी मानतात, म्हणून सूप कशात शिजवलं हेही विचारा. आम्ही आधी ईमेलमध्ये कळवल्यामुळे मशरूम घातलेला भात वेगळा करून मिळाला. न कळवता गेलेल्या शेजारच्या टेबलाला सॅलड आणि ऑम्लेट एवढंच मिळालं.

नऊ वाजून दहा मिनिटांनी दिवे मंदावले. कुणीतरी म्हणालं, "सिलेंसिउ", शांतता, आता फादो गायला जाणार. त्यानंतर काटा-चमचा खाली. खाणं चालू ठेवायला कुणी बंदी करत नाही, पण प्लेटवर चमचा वाजला तर वीस लोक वळून बघतात. पाण्याचा ग्लास आधी भरून ठेवा. फोन आवाज बंद करून खिशात ठेवा, फ्लॅश तर अजिबात नको. चित्रण करायचं असेल तर सुट्टीत विचारून घ्या. आमच्या इथे शेवटच्या सत्रातल्या एका गाण्याला परवानगी मिळाली.

आधी नुसती वाद्यं वाजली, मग काळी शाल घेतलेली गायिका आली. ती वादकांकडे वळून हलक्या आवाजात दोन शब्द बोलली. या क्षणाकडे लक्ष ठेवा. ती सांगते ते फक्त फादोचं नाव आणि सूर: 'मेनोर, ला मध्ये', बस. आपल्याकडे गाणारा 'काळी दोन' म्हणतो, तसंच. तालीम झालेली नसते आणि लागतही नाही, कारण पारंपरिक फादोच्या चाली वादकांना तोंडपाठ असतात.

ही चालीची गोष्ट समजली की फादो वेगळाच ऐकू येतो. आपण साकी म्हटलं की साकीच्या छंदातले कोणतेही शब्द त्या चालीत बसतात, दिंडीचे दिंडीत. पारंपरिक फादोचं नेमकं असंच आहे. चाल आधीची, शब्द गाणाऱ्याने निवडलेले, छंद जुळला की झालं. 'मेनोर', 'कोरिदु' आणि 'मोउरारिया' या तीन सर्वांत जुन्या चाली, त्यांचा कर्ता कुणालाच माहीत नाही. मेनोर संथ आणि खिन्न, कोरिदु धावता, मोउरारिया मधला. साथ मुळात दोनच कॉर्डवर, म्हणजे एकदम वाजवायच्या सुरांच्या दोनच जुळण्यांवर, चालते. मग गाणारा करतो काय? तो ओळ ताणतो, उशिरा येतो, एखादा शब्द उचलून वेगळ्या जागी ठेवतो. त्याला ते 'इश्तिलार' म्हणतात. ठुमरीत बोल बनवणं ज्यांना आवडतं त्यांना हे लगेच उमगेल. त्या रात्री पहिल्या गायिकेने आणि तिसऱ्या गायकाने मेनोरच गायला, शब्द निराळे. एकच चाल दोनदा ऐकली हे कळायलाच मला अर्ध गाणं लागलं आणि कळल्यावर अंगावर काटा आला.

टाळ्यांबद्दल: शेवटच्या ओळीवर वाद्यं थांबतात, गायक एकटा सूर धरतो. गाणं अजून संपलेलं नसतं. त्यानंतर वादक दोन ठाम कॉर्ड वाजवतात, तिथे समाप्ती. नवख्यांच्या टाळ्या त्या थांब्यावर पडतात आणि शेवटची ओळ बुडते. मध्येच एखादी जागा फार चांगली गेली तर जाणकार हळूच "आ, फादिश्ता!" म्हणतात. आपली 'क्या बात है' मनातल्या मनात ठेवलेली बरी.

सव्वाबाराला बहुतेक टेबलं रिकामी झाली. घाईत असाल तरी इथे उठू नका. ज्येष्ठ गायक शेवटी गातो, आणि खोली निम्मी झाल्यावर आवाजही मोकळा होतो. आमच्या तिसऱ्या गायकानंतर कोपऱ्यात एकट्याने जेवत असलेल्या एका वयस्क गृहस्थांना वादकांनी नुसत्या मानेने खूण केली. ते खुर्चीजवळच उभे राहिले आणि दोन फादो गायले. कार्यक्रमात ते नव्हतेच.

बिल 'आ कोंता, पुर फावोर' म्हटल्याशिवाय येत नाही, आणि मागायचं ते सुट्टीतच. आमचा हिशेब असा: कुव्हेर ८, दोन सूप १२, ऑक्टोपस २८, मशरूमचा भात २१, लाल वाइनची अर्धी बाटली १६, पाणी ६, एक 'आरोझ दोस' (दालचिनी भुरभुरलेली तांदळाची खीर, दोघांत) ७, दोन कॉफी ५, संगीत ३०. एकूण १३३ युरो, कर त्यातच. अनामतीचे ४० वजा जाऊन ९३ राहिले, ७ वर ठेवले. त्या वेळच्या दराने १३३ युरो म्हणजे साधारण साडेतेरा हजार रुपये. टीप सक्तीची नसते.

पहिल्या बिलात अनामत वजा केलेली नव्हती. ईमेलची पोच फोनवर होती, ती दाखवताच दुरुस्त झालं, म्हणून पोच जपून ठेवा. बिल करताना "कोंत्रिबुइंत?" असं विचारतात, तो तिथल्या रहिवाशांचा करक्रमांक, आपण 'नाही' म्हणायचं. कार्डाच्या यंत्रावर रुपये की युरो असं विचारलं तर युरोच निवडा, रुपयांचा दर महाग पडतो. छोट्या ताश्कांमध्ये परदेशी कार्ड कधीकधी चालत नाही, तिथे जाणार असाल तर रोख ठेवा.

मेट्रो रात्री एकपर्यंत असते. आम्ही बारा चाळीसला निघालो, पायऱ्यांवर वेळ जातो हे संध्याकाळीच कळलं होतं. सांता आपोलोनियाला पोचलो तेव्हा फलाटावर शेवटच्या गाडीला अजून नऊ मिनिटं होती, आणि बाकावर शेजारी गितार्राची काळी पेटी मांडीवर घेऊन तोच वादक बसला होता.